मारुतीचा मिखाएल

आईच्या उजव्या हातावर मारुती होता. कोपराच्या खाली, आतल्या अंगाला. एका हातात डोंगर, दुसऱ्या हातात गदा, आणि शेपटी मागून वर जाऊन डोक्यावर वळलेली. तिच्या वयाच्या बायकांच्या हातावर तुळस असायची, विंचू असायचा, सीतेची न्हाणी असायची. मारुती गोंदवायचा तो पुरुषांनी, त्यातही पहिलवानांनी. पण आई लहानपणी झोपेत दचकून उठायची आणि घर डोक्यावर घ्यायची, म्हणून तिच्या मायनं तिला कळंबच्या जत्रेत गोंदणारीपुढं नेऊन बसवलं आणि सांगितलं, हिच्या हातावर मारुती काढ, चांगला मोठा काढ. तेव्हापासून आई उजवा हात गालाखाली घेऊन झोपायला लागली. मला कळायला लागलं तेव्हाही ती तशीच झोपायची.

आणि आम्ही कॅथलिक होतो. हे सांगितलं की लोकांच्या भुवया वर जातात. मला आधी हसू येतं आणि मग थोडा रागही येतो, कारण आमच्या घरात या दोन गोष्टींचं कधी भांडण झालंच नव्हतं. बाबा मिशनच्या वसतिगृहात वाढलेले, आईबाप नसलेले. फिटरचं काम शिकून ते मारेगावच्या जिनिंग फॅक्टरीत लागले. आईची माय तोवर वारली होती, मामाला भाची जड झाली होती, आणि बाबांना हुंडा नको होता. जातीधर्माचं नंतर बघू, असं मामा म्हणाला आणि नंतर त्यानं कधी बघितलंच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आईचा बाप्तिस्मा झाला. मारुती होता तिथंच राहिला. त्याला कोणी काही विचारलं नाही.

त्या काळी मारेगावात कॅथलिक म्हणजे आम्ही, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, आणि फॅक्टरीचा म्हातारा चौकीदार, ज्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो हसून मान डोलवायचा. अधूनमधून रस्त्याच्या कामावर एखादं कुटुंब यायचं, पण खडी पसरून झाली की तेही जायचं. फॅक्टरीच्या शेठनं सरकीच्या गोदामाशेजारची एक खोली वापरायला दिली होती. तिथं महिन्यातून एकदा फादर यायचे आणि मिस्सा, म्हणजे आमची उपासना, व्हायची. वेदी म्हणजे एक लाकडी टेबल. वेदीपुढचा कठडा बाबांनी स्वतः केला होता, फॅक्टरीतले टाकाऊ पाइप कापून, घासून, पांढरा रंग देऊन. खोलीला बारा महिने सरकीचा वास यायचा. अजून कुठं तो वास आला की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो आणि मी क्रूसाची खूण करून बसते.

मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडे पाठ करून म्हणायचे, आणि लोकांच्या वतीनं एकानं उत्तरं द्यायची. हा वेदीसेवक. तो कठड्याच्या आत गुडघे टेकून बसणार, घंटी वाजवणार, द्राक्षरस आणि पाणी पुढं करणार. उत्तर द्यायला कोणी नसेल तर फादरांना मिस्सा म्हणता येत नसे, असा नियमच होता. आणि सेवक पुरुषच हवा, मग तो पोरगा असो की बाप्या. शहरात या कामाला पोरं मिळायची. मारेगावात पोरं म्हणजे माझा तान्हा भाऊ, म्हणून हे काम बाबांचं. आता आमच्या चर्चमध्ये मुली पांढरे झगे घालून वेदीवर सेवा करतात, एकीच्या मनगटावर फुलपाखरू गोंदलेलं आहे, आणि कोणी वळूनसुद्धा बघत नाही. बघू नयेच. पण मला मात्र दर रविवारी ते फुलपाखरू दिसतं.

बाबांना वसतिगृहात शिकवलेली उत्तरं पाठ होती, पण महिन्यातून एकदाच म्हणायची म्हटल्यावर ती गंजायची. म्हणून फादर यायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरी सकाळी तालीम असे. उत्तरं द्यायची तर समोरून कोणी विचारायला नको का? म्हणून बाबांनी आईला फादरांचा भाग शिकवला. आईला अक्षरओळख नव्हती, पण तिनं एकदा ऐकलं की पक्कं. जात्यावरच्या ओव्या तिला शंभरानं येत होत्या, त्यात ही भर. ती चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता फादर व्हायची आणि बाबा दाढी करता करता उत्तर द्यायचे. बाबा अडकले की ती त्यांचंही उत्तर सांगून टाकायची. एखाद्या वेळी भाकरी करपायची, मग ती लॅटिन अर्ध्यावर सोडून वऱ्हाडीत बोलायची, आणि बाबा त्यालाही गंभीर चेहऱ्यानं आमेन म्हणायचे. आई तवा खाली आपटायची, पण तिला हसू फुटलेलं असायचं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मिस्सांमध्ये मला या चुलीपुढच्या मिस्सा जास्त आठवतात, आणि असं म्हटल्याबद्दल देव मला काही करणार नाही अशी माझी खात्री आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना बाबांना विषमज्वर झाला आणि त्यात ते गेले. नर्सबाई रोज दोनदा यायच्या. त्या उंच, काटकुळ्या, नागपूरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या. गोड बोलणं त्यांना जमत नसे. रोग्याला गोळी कडू आहे म्हणून सांगायच्या, इंजेक्शन दुखेल म्हणून सांगायच्या. शेवटच्या दोन दिवसांत आई त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होती की उतरेल ना ताप, आणि बाई दर वेळी म्हणत होत्या, नाही उतरत, तयारी ठेवा. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांची चप्पल मी मोरीत लपवली होती. पण बाबांना शेवटची आंघोळ घालायला पाणी त्यांनीच तापवलं आणि रात्रभर आईच्या शेजारी त्याच बसल्या.

बाबा गेल्यावर मिस्सेला उत्तर द्यायला कोणी उरलं नाही. चौकीदाराला ऐकूच येत नव्हतं. तेव्हा फादरांनी नियमातलीच एक पळवाट सांगितली. पुरुष नसलाच तर बाईनं उत्तर दिलेलं चालतं, पण कठड्याच्या बाहेरून, दुरून. वेदीपाशी यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, फक्त आवाज द्यायचा. नर्सबाईंना शाळेत सगळं शिकवलेलं होतं, तेव्हा त्यांनी हे काम घेतलं आणि इंजेक्शन दिल्यासारखं चोख केलं. आई मागं बसून ऐकायची. तिचे ओठ हलताना मी पाहायचे, पण त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाबांना वर्ष होत आलं. फादरांनी त्यांच्या नावानं मृतांची मिस्सा ठेवली. आई दवाखान्यात गेली, मी तिच्या मागं. नर्सबाई सुया उकळत होत्या. आईनं दारातूनच सांगितलं की या खेपेची मिस्सा मी म्हणीन, म्हणजे उत्तरं मी देईन. बाईंना आधी वाटलं तिला काही समजलं नाही. मग त्यांनी तिची परीक्षाच घेतली, सुया तशाच उकळत ठेवून. आई उत्तरं देत गेली. शेवटी तर बाई एका ठिकाणी क्षणभर थांबल्या तेव्हा आईनं फादरांचंही पुढचं वाक्य सांगून टाकलं. बाईंनी चिमटा खाली ठेवला.

"येते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण फिटरीणबाई, या हातानं कसं जमेल?"

हात म्हणजे मारुती. नर्सबाईंचं म्हणणं त्यांनी नीट समजावून सांगितलं. देवानं मोशेला दिलेल्या नियमशास्त्रात अंगावर चिन्हं गोंदवू नका असं स्पष्ट आहे. ते एक वेळ सोडलं तरी हे दुसऱ्या देवाचं चित्र. मागं बसून मिस्सा ऐकणं वेगळं, आणि सगळ्यांच्या वतीनं वेदीला उत्तर देणं वेगळं. छातीवर हात मारून मी पापी आहे असं म्हणायचं असतं, तेव्हा तो हातच वर येतो. मिस्सा फिटरसाहेबांची आहे, तिला बोट लागायला नको. मीच देते उत्तरं, अगदी मनापासून देते, असं त्या म्हणाल्या. त्यांना आईला दुखवायचं नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मी मनात पुन्हा त्यांच्या चपलेकडे पाहिलं.

आई वाद घालणाऱ्यांतली नव्हती. घरी येऊन ती कामाला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती चुलीपाशी बिब्बा घेऊन बसली होती, सुईला टोचून दिव्यावर धरलेला, आणि त्याचं तेल सुटायला लागलं होतं. आमच्याकडे टाचेच्या भेगांवर बिब्ब्याचा चटका देतात, पण जपून, कारण तो उतला की कातडी सोलून निघते. आईचा उजवा हात उघडा, मांडीवर आडवा. ती काय करणार ते मला एकदम समजलं आणि मी ओरडत दवाखान्याकडे पळत सुटले. नर्सबाई तशाच, केस मोकळे, आल्या. त्यांनी बिब्बा हिसकून राखेत फेकला आणि आईला इतकं बोलल्या, इतकं बोलल्या, की शेजारच्या बायका दारात जमल्या. बिब्बा उतलेले रोगी त्यांनी ढिगानं पाहिले होते. हात गेला तर पोरांना खायला काय घालशील, असं म्हणता म्हणता त्याच रडायला लागल्या. आईचा हात त्यांनी पाण्यात धरून ठेवला. तेलाचा एक थेंब डोंगरापाशी पडला होता, तिथं फोड आला.

मग दोघी चहा घेऊन बसल्या आणि नर्सबाईंना कल्पना सुचली. गोंदलेलं पुसता येत नाही, पण त्यात भर घालता येते. त्यांच्या पेटीत संत मिखाएलाचं रंगीत चित्र होतं, ते त्यांनी आणून आईच्या हाताशेजारी ठेवलं. मिखाएल म्हणजे देवाचा सेनापती, मोठा देवदूत. तोही असाच एक पाय पुढं टाकून उभा. गदेचा भाला करायचा, ती बारीक करता येत नाही, पण लांब करता येते. डोंगराच्या खाली दोन दोऱ्या आणि एक पारडं काढलं की झाला तराजू, कारण मिखाएल आत्म्यांचं वजन करतो. पाठीवर दोन पंख. बाई बोटानं आईच्या हातावर सगळं आखून दाखवत होत्या आणि मलाही तो मिखाएल दिसायला लागला. मी विचारलं, आणि शेपटी? बाईंनी चित्राकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, निघेल तिचंही काही.

बाजाराच्या दिवशी गोंदणारी बाई यायची. चिंचेखाली गोणपाट टाकून बसायची, शेजारी काजळाची वाटी आणि सुयांची जुडी. आई तिच्यापुढं हात लांब करून बसली. नर्सबाईंनी मिखाएलाचं चित्र दाखवलं. गोंदणारीनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि तिला काम एकदम आवडलं. असं काम आजवर कोणी आणलं नाही, म्हणाली. शेपटीचा प्रश्न तर तिनं चुटकीसरशी सोडवला. चित्रात मिखाएलाच्या पायाखाली काळा साप होता. शेपटीला तोंड काढायचं, खालून एक वेटोळं काढून ते पायाखाली घ्यायचं, की झाला साप. नर्सबाई म्हणाल्या, अगदी बरोबर. तो साप म्हणजे सैतान.

गोंदणारीनं सुया बुडवल्या. आईनं हात मागं घेतला.

"मारुतीची शेपटी सैतान करता?" ती म्हणाली. ती रागावली नव्हती, तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. "नर्सबाई, या हातावर डोकं ठेवून मी लहानपणापासून निजली हाओ. माह्या मायनं मले भेव लागू नाही म्हणून काढून घेतला हा. त्याले सैतान करून मी त्याईच्या नावानं मिस्सा म्हणू? मले नाही जमत."

नर्सबाईंनी चित्र परत घेतलं. गोंदणारी हळहळली. तिला मिखाएल फारच मनात भरला होता. आईनं पदरानं हात पुसला, मला उठवलं आणि आम्ही बाजारातून काही न घेता घरी आलो. वाटेत आई म्हणाली की मिस्सा नर्सबाईच म्हणतील, त्याही चांगलंच म्हणतात. पण चालता चालता तिनं तोंड दुसरीकडे केलं आणि पदर डोळ्याला लावला, ते मी पाहिलं. बाबांना तिच्याकडून द्यायचं तेवढंच एक तिच्यापाशी होतं. लिहिता येत नव्हतं, दान करायला काही नव्हतं, कबरीवर दगड बसवायचाही राहिला होता. तिला फक्त ती उत्तरं येत होती, आणि ती बाबांनीच तिला दिली होती. मी तेव्हा लहान होते, पण एवढं मला समजलं.

मिस्सेच्या आदल्या संध्याकाळी फादर मोटरसायकलवर आले. ते परदेशातले, पिकल्या दाढीचे, आणि मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे आम्हा पोरांनाही आपण म्हणायचे. नर्सबाईंच्या ओसरीवर त्यांचं जेवण असे. बाईंनी त्यांच्या पानात वरण वाढता वाढता सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, बिब्ब्याचं नाही की मिखाएलाचं नाही. आणि आपलं म्हणणंही सांगितलं, की मला अजूनही वाटतं की हे बरोबर नाही, पण तुम्ही सांगाल ते मी मानीन. फादरांनी हात धुतले आणि आईला जवळ बोलावलं. कंदील पुढं ओढून त्यांनी तिचा हात बराच वेळ पाहिला.

"हे आपण कशासाठी काढून घेतले?"

"मले भेव लागे, फादर. झोपेत."

"मग भीती गेली?"

"अर्धी गेली," आई म्हणाली. "अर्धी तुमच्या फिटरनं घालवली. ते गेल्यावर पुन्हा लागते."

फादरांनी कंदील बाजूला सरकवला. मग ते नर्सबाईंकडे वळले. मोशेचा तो नियम खरा, पण तो त्या लोकांसाठी होता, त्या काळच्या शोकाच्या रीतींसाठी. ख्रिस्तसभेनं, म्हणजे चर्चनं, तो आपल्यावर घातलेला नाही, जसं काय खावं काय खाऊ नये हेही घातलेलं नाही. त्यांनी स्वतः जेरुसलेमहून आलेल्या यात्रेकरूंच्या मनगटावर क्रूस गोंदलेले पाहिले होते आणि त्यांना कोणी पापी म्हटलं नव्हतं. आता नवीन गोंदवायचं म्हटलं तर ते नको म्हणाले असते, आणि देव म्हणून पूजायला गोंदवलं असतं तर मुळीच नको म्हणाले असते. पण हे एका घाबरलेल्या मुलीच्या हातावर तिच्या आईनं काढून घेतलेलं होतं. ते बाप्तिस्म्याच्या आधीचं आहे, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी हा हात बाहेर ठेवून या असं या फिटरीणबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. बाकी नियम सगळे पाळायचे. कठड्याच्या बाहेर बसायचं, वेदीपाशी यायचं नाही. उद्या उत्तरं या देतील.

नर्सबाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला होता. फादरांना ते दिसलं असावं, कारण ते म्हणाले की मिखाएलाची योजना मात्र फार उत्तम होती, विशेषतः तराजू. आणि मग त्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की ठसका लागला आणि बाईंना पाणी आणावं लागलं. पाणी देताना बाईही हसल्या. मग फादरांनी आईची तयारी पाहिली. मृतांच्या मिस्सेत थोडे फरक असतात, ते त्यांनी समजावून सांगितले. सुरुवातीचं स्तोत्र गाळायचं. आणि शेवटी, एरवी मिस्सा संपली असं फादर म्हणतात आणि सेवक देओ ग्रात्सियास म्हणतो, म्हणजे देवाचे उपकार. मृतांच्या मिस्सेत तसं नाही. तिथं फादर म्हणतात की त्यांना शांती लाभो, आणि सेवकानं फक्त आमेन म्हणायचं. आईनं दोन्ही फरक म्हणून दाखवले. झोपताना अंथरुणात ती पुन्हा पुटपुटत होती, शेवटी आमेन, शेवटी आमेन.

सकाळी खोली भरली. एवढी माणसं मी तिथं कधी पाहिली नव्हती. फॅक्टरीचे मुसलमान मिस्त्री, बाबा ज्यांच्या हाताखाली काम करायचे, ते टोपी घालून मागं सरकीच्या पोत्यावर येऊन बसले होते, आणि त्यांच्या मागं जिनवरच्या बाया, गडी. मिस्सा काय असते ते त्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं. फिटरसाठी काहीतरी आहे, एवढं ठाऊक होतं. चौकीदार पुढं बसून हसून मान डोलवत होता. फादर काळा झगा घालून वेदीपुढं उभे राहिले. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि कठड्याच्या बाहेर गुडघे टेकले. मी आणि नर्सबाई तिच्या अगदी मागं.

पहिल्या उत्तराला तिचा आवाज फुटला नाही. दुसऱ्याला फुटला. आणि मग जे झालं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आई ते बाबांसारखं म्हणत होती. ती दुसऱ्या कोणाकडून ते शिकलीच नव्हती ना. बाबा जिथं श्वास घ्यायचे तिथं ती श्वास घेत होती, बाबा दाढी करताना गाल ताणून जिथं शब्द लांबवायचे तिथं ती शब्द लांबवत होती. डोळे मिटले तर बाबा कठड्याशी बसले होते. मागं मिस्त्रींनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी रडायला लागले, आणि मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

पापकबुलीच्या वेळी तिनं छातीवर हात मारला. एकदा, दोनदा, तीनदा. बाही मागं सरकली आणि मारुती तिच्याबरोबर छाती पिटत होता, डोंगरापाशी अजून फोडाचा डाग. मी नर्सबाईंकडे पाहिलं. त्या पाहत होत्या. पण त्यांनी नजर वळवली नाही.

आई कुठं अडली नाही. गाळायचं होतं ते तिनं गाळलं. मिस्सा शेवटाला आली. फादरांनी वेदीकडे तोंड ठेवूनच मृतांसाठी शांती मागितली, हळू, एकेक शब्द वेगळा.

"देओ ग्रात्सियास," आई म्हणाली.

बाबांच्या आवाजात, बाबा म्हणायचे तसंच, शेवटी जरा उंच करून. चुलीपुढं रोजचीच मिस्सा व्हायची. मृतांची कधी झालीच नव्हती. माझ्या शेजारी नर्सबाईंचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं आणि त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. फादरांची पाठ क्षणभर तशीच राहिली. त्यांना शांती लाभो, आणि त्यावर, देवाचे उपकार. मग ते खाली वाकले आणि पुढची प्रार्थना म्हणायला लागले.

बाहेर ऊन आलं होतं. मिस्त्रींनी आईला दुरूनच हात जोडले. जिनवरच्या बायांनी तिला घेरलं, काय बाई बोललीस, एक शब्द समजला नाही पण बरं वाटलं, असं म्हणत होत्या. आई त्यांच्यातून वाट काढत नर्सबाईंपाशी आली. तिला कुठंतरी खुटखुटत होतं.

"नर्सबाई, कुठं चुकली काय वो मी? शेवटी काही उलटं तं नाही झालं?"

बाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी तो डोळ्याला लावला आणि आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "एक अक्षर चुकलं नाही."

आईनं पदर नीट केला आणि हसली. बाबा गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. नर्सबाई चहालाही थांबल्या नाहीत, दवाखान्याची वेळ झाली म्हणाल्या आणि गेल्या. खोटं हे लहान असलं तरी पापच, हे धर्मशिक्षणात त्यांनीच मला घोकून घेतलं होतं. पुढच्या महिन्यात फादर आले आणि लोकांची पापनिवेदनं ऐकायला बसले, तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढं नर्सबाई उभ्या होत्या.